बाहेर जाण्याआधी तासाभरासाठी येणारे पाहुणे: झटपट खाणे काय ठेवावे?

रानजाई

नमस्कार. येत्या शनिवारी आम्ही मित्रमंडळी मिळून रात्री आठच्या गाण्याच्या कार्यक्रमाला जाणार आहोत. सभागृह आमच्या घरापासून जवळ असल्यामुळे सगळ्यांनी आधी आमच्याकडे जमावे, तासभर गप्पा माराव्यात आणि मग एकत्रच निघावे, असे ठरले आहे. आम्ही दोघे धरून मोठी माणसे आठ आणि चार वर्षांची एक मुलगी, जी कार्यक्रमाला न येता माझ्या सासूबाईंपाशी घरीच थांबेल. मंडळी सहाच्या सुमारास येतील आणि सव्वासातला आम्हाला निघावेच लागेल. जेवण कार्यक्रमानंतर बाहेर घ्यायचे आहे, म्हणजे पावणेअकराच्या आत ते कोणाच्या पानात पडणार नाही.

त्या दिवशी मला कामावरून घरी यायलाच पाच वाजतील. आदल्या रात्री मात्र दीड-दोन तास हाताशी आहेत. घरात एक लहान ओव्हन आहे. तळण करण्याची माझी इच्छा नाही, कारण तळणाचा वास कपड्यांना आणि केसांना लागतो आणि तो घेऊन सभागृहात बसणे मला आवडत नाही. पाकिटे फोडून वाट्यांत ओतण्यापलीकडे काहीतरी घरी केलेले असावे, एवढीच हौस आहे. मंडळींपैकी दोघे काटेकोर शाकाहारी आहेत, बाकीचे अंडी खातात, आणि एकीला काजू-बदामांसारख्या सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे. कार्यक्रमात पोटात कावळे ओरडू नयेत आणि नंतरच्या जेवणावर पाणीही पडू नये, असे काय आणि किती करावे, हे कृपया सुचवावे.

तिसरी घंटा

रानजाई, तुमच्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट खाण्याची नसून सव्वासातची आहे. घरी बसून होणाऱ्या मेजवानीत पदार्थ मागाहून आला, उरला किंवा टेबलावर तसाच राहिला तरी चालते, कारण यजमान घरातच असतो. येथे यजमानही पाहुण्यांबरोबर निघणार आहे. त्यामुळे जे टेबलावर येईल ते सातपर्यंत संपले पाहिजे किंवा दोन मिनिटांत झाकून फ्रिजमध्ये गेले पाहिजे. पदार्थ निवडताना ‘हे किती लवकर होईल’ यापेक्षा ‘हे किती लवकर आवरेल’ असा विचार करा. निम्मे पदार्थ आपोआप बाद होतील.

प्रमाणाचे म्हणाल, तर लगेच जेवण असेल तेव्हा माणशी चार-पाच लहान घास पुरतात, पण तुमचे जेवण साडेतीन-चार तासांनी आहे, म्हणून माणशी सहा-सात धरावेत. आठ माणसांना साधारण पन्नास घास झाले. हे पन्नास घास दोन गार आणि एक कोमट अशा तीनच प्रकारांत विभागा, जोडीला बुडवून खाण्यासारखे काहीतरी एक ठेवा आणि तेथेच थांबा. प्रकार वाढले की माणूस प्रत्येक चाखून पाहतो आणि भुकेपेक्षा जास्त खातो. करणाऱ्याचे कामही प्रकारांच्या संख्येने वाढते, घासांच्या संख्येने तितके वाढत नाही. पन्नास चकत्यांवर एकच सारण लावायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ पंचवीस-पंचवीसच्या दोन वेगळ्या तऱ्हा करण्यात जातो, हे कोणीही घड्याळ लावून पाहावे.

आता प्रत्यक्ष पदार्थ. काकडीच्या चकत्यांवर चक्क्याचे सारण हा माझा पहिला कौल. अर्धा किलो दही आदल्या रात्री मलमलच्या कापडात बांधून, चाळणीवर ठेवून, खाली भांडे ठेवून फ्रिजमध्येच गळू द्या. सकाळी साधारण निम्मा चक्का हाती येतो. त्यात मीठ, मिरपूड, किसलेली लिंबाची साल आणि बारीक चिरलेला पुदिना किंवा शेपू घाला. मध्यम काकडीच्या आठ मिलिमीटर जाडीच्या वीस-पंचवीस चकत्या होतात. त्याहून पातळ चकती हातात धरल्यावर वाकते आणि वरचे सारण कपड्यांवर उतरते. मीठ सारणातच घालावे, चकतीवर भुरभुरू नये, कारण मीठ लागताच काकडी पाणी सोडू लागते आणि पंधरा मिनिटांत ताटलीत तळे साचते. चकत्या कोरड्या कापडावर टिपून घ्या आणि सारण पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधीच लावा.

दुसरा पदार्थ म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो. हा सगळ्यांना माहीत असतो आणि तरीही बहुतेक ठिकाणी भिजट होतो, याचे कारण टोमॅटोचा गर. टोमॅटो अर्धे कापून बिया आणि रस काढून टाका, उरलेला भाग बारीक चिरा, मीठ लावून वीस मिनिटे चाळणीत ठेवा आणि गळालेले पाणी टाकून मगच ऑलिव्ह तेल व तुळशीच्या जातीची बेझिलची पाने मिसळा. पाने हाताने तोडावीत. बोथट सुरीने कापली तर कडा काळ्या पडतात. पावाचे एक सेंटिमीटर जाडीचे काप तेलाचा हात लावून १८० अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटे भाजले की खडखडीत होतात. हे काम शुक्रवारी रात्री उरकता येते, मात्र काप पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावेत, नाहीतर आतल्या वाफेने ते चिवट होतात. टोमॅटो आणि पाव वेगवेगळे मांडून ज्याने त्याने आपापले वाढून घ्यावे, हे मला अधिक पसंत आहे. यजमानाचे काम वाचते आणि पाव शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो.

बुडवून खाण्यासाठी हमस करा. चारशे ग्रॅमच्या डब्यातले काबुली चणे निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम भरतात आणि आठ जणांना तेवढे पुरतात. ते चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळले की सालीसकट मऊ होतात आणि हमस लोण्यासारखे होते. तीन-चार मोठे चमचे तिळाची ताहिनी आणि एका लिंबाचा रस आधी एकत्र फिरवा. हे मिश्रण प्रथम घट्ट होईल, घाबरू नका. बर्फाचे पाणी चमच्या-चमच्याने घातले की ते पांढरेशुभ्र आणि हलके होते. मग चणे घालून पुन्हा फिरवा. हे शुक्रवारी करून ठेवले तर शनिवारी चव उलट सुधारलेली असते. बरोबर गाजर, ढोबळी मिरची आणि काकडीच्या उभ्या फोडी ठेवा, म्हणजे कमी पाव भाजावा लागेल.

हमसची शिफारस चवीपुरती नाही. नुसता पाव, बिस्किटे किंवा फळे खाल्ली तर तास-दीड तासात पुन्हा भूक लागते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात. चणे, तीळ, चक्का, चीज, अंडी यांपैकी काहीतरी प्रत्येक घासात असेल तर मध्यंतरापर्यंत कोणाला खाण्याची आठवण होणार नाही.

शांत चूल

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण ‘एक कोमट’ असे म्हणून त्यांनी तो कोमट पदार्थ सांगायचा ठेवून दिला आहे, आणि माझ्या मते तोच पाहुणचाराचा प्राण आहे. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी गरम पडले की तो सैलावतो. सगळे गार ठेवले तर कितीही सुंदर मांडा, ते कार्यालयातल्या बैठकीतले खाणे वाटते.

यासाठी ओव्हनपुढे उभे राहण्याची गरज नाही. लहान पेल्यांतून दाटसर सूप द्यावे. लाल भोपळ्याचे किंवा मक्याच्या दाण्यांचे सूप शुक्रवारी करून फ्रिजमध्ये ठेवता येते. माणशी ७० ते ८० मिलिलिटर पुरे, म्हणजे आठ जणांसाठी साधारण ६०० मिलिलिटर. शनिवारी साडेपाचला ते खळखळून उकळा आणि थर्मासमध्ये भरा. थर्मासमध्ये आधी उकळते पाणी ओतून पाच मिनिटे ठेवावे आणि ते फेकून मग सूप भरावे, कारण थंड काचेत किंवा पोलादात गरम सूप ओतले की त्याची पहिली उष्णता भांडेच पिऊन टाकते. चमचे लागणार नाहीत इतके पातळ आणि घोट भरल्यासारखा वाटेल इतके दाट ठेवा. टोमॅटोचे सूप मात्र या दिवशी नको. डाग पडला तर कपडे बदलायला कोणी घरी जाणार नाही.

ओव्हन वापरायचाच असेल तर तयार पफ पेस्ट्रीच्या चीज घातलेल्या पिळदार काड्या कराव्यात. गोठवलेली लाटी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावी, शनिवारी सकाळी चीज भुरभुरवून, पट्ट्या कापून, पिळून ताटातच परत फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि ओव्हन चांगला तापल्यावर २०० अंशांवर सुमारे पंधरा मिनिटे भाजाव्यात. लाटी गारच ओव्हनमध्ये गेली पाहिजे. तिच्यातले लोणी आधीच वितळले तर पदर सुटत नाहीत. चवीला यांच्यासारखे दुसरे काही नाही. मात्र काळ्या कपड्यांवर त्यांचा चुरा पाहण्याची तयारी हवी.

मोजूनमापून

दोन्ही प्रतिसाद वाचले. पदार्थांच्या निवडीत मला भर घालायची नाही, परंतु तीन गोष्टी कोणीतरी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. दूध, दही, चीज, अंडी, शिजवलेली कडधान्ये असे नाशवंत पदार्थ साधारण तापमानात एकूण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एकच तास मानावी. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून गार पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. तुम्ही साडेपाचला ताटे मांडलीत आणि सव्वासातला घाईत तशीच टाकून निघालात, तर परत येईपर्यंत पाच-सहा तास झालेले असतील आणि ते सारे टाकून देण्याच्याच लायकीचे असेल. ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा समज येथे उपयोगाचा नाही. काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे निम्मेच बाहेर मांडायचे, उरलेले फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पहिली ताटली संपली तरच दुसरी आणायची. संपली नाही तर न आणलेली ताटली दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे खाता येते.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. सुका मेवा टेबलावर मुळीच आणू नये, कारण एका वाटीतला चमचा दुसऱ्या वाटीत जायला क्षण पुरतो. दिसणाऱ्या बदामांपेक्षा न दिसणाऱ्या काजूंची भीती जास्त असते. बाजारात मिळणाऱ्या पेस्टो चटणीत बहुतेक वेळा पाइन नट किंवा काजू असतात, आणि काही तयार बिस्किटांत व ब्रेडमध्येही मेव्याचा अंश असतो, म्हणून प्रत्येक वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. हमसमध्ये तीळ आहे. तीळ हा सुक्या मेव्यात मोडत नाही, पण तिळाची स्वतंत्र ॲलर्जी असणारी माणसे आहेत. अमेरिकेत २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख प्रमुख ॲलर्जीकारक घटकांमध्ये करणे बंधनकारक झाले आहे, यावरून ती किती दखलपात्र आहे हे कळावे. म्हणून तुमच्या मैत्रिणीला ‘तीळ चालतो का’ हे आधीच विचारून घ्या. असे विचारणे अवघडल्यासारखे वाटते, परंतु ॲलर्जी असलेल्या माणसाला या प्रश्नाने हायसेच वाटते.

तिसरी गोष्ट शाकाहाराची. दूध फाटवण्यासाठी वापरले जाणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून काढले जाते. खऱ्या पार्मेजानो रेज्जानो चीजमध्ये नियमानुसार तेच वापरावे लागते, त्यामुळे काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालत नाही. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे चीज सहज मिळते. वेष्टनावर तसा उल्लेख असतो. पिळदार काड्यांत घालायचे चीज निवडताना हे पाहून घ्या. वूस्टरशायर सॉस कशात घालणार असाल तर त्याच्या मूळ कृतीत अँकोव्ही मासे असतात, हेही लक्षात असू द्या.

आणि ती लहान मुलगी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षे आणि अख्खे चेरी टोमॅटो देऊ नयेत. ते घशात बुचासारखे अडकतात, म्हणून उभे चार तुकडे करावेत. अख्खे दाणे आणि पॉपकॉर्नही नकोत. दात टोचायच्या काड्या खोचलेले पदार्थ तिच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. तिच्यासाठी वेगळी लहान ताटली आधीच भरून आजींच्या हाती द्यावी, म्हणजे कोणी गप्पांच्या भरात काहीही तिच्या हातात देणार नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीला विचारले, तिला तीळ चालतो. सूप थर्मासमध्ये भरण्याची कल्पना मला फार आवडली, कारण त्यामुळे सासूबाईंनाही पाहुण्यांमध्ये बसता येईल, नाहीतर त्या स्वयंपाकघरात काहीतरी गरम करत राहतात. काड्यांचा मोह होतो आहे, पण चुऱ्याची बाब वाचून थांबले आहे.

दोन शंका आहेत. टोमॅटोच्या पावावर लसूण चोळतात, तसा चोळावा की सभागृहात शेजारी बसणाऱ्यांचा विचार करून गाळावा? आणि अंडी खाणाऱ्यांसाठी उकडलेल्या अंड्यांचे काही करता येईल का, की ते या यादीत जास्त होईल?

हिरवी वाट

लसणाबाबत शेजाऱ्यांची बाजू घेतो. कच्चा लसूण पोटात गेल्यावर त्यातील काही गंधकयुक्त घटक रक्तात उतरतात आणि फुप्फुसांवाटे श्वासात येत राहतात, त्यामुळे दात घासून किंवा बडीशेप चघळूनही तो वास जात नाही. तो फक्त काही काळ झाकला जातो. कच्चे सफरचंद किंवा पुदिन्याची पाने लसणाबरोबरच खाल्ली तर हा वास बराच कमी होतो, परंतु गाण्याला जाताना असल्या उपायांवर भिस्त ठेवण्यापेक्षा लसूणच भाजून वापरावा. अख्खा गड्डा वरून कापून, तेल लावून, फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर चाळीस मिनिटे भाजला की पाकळ्या मऊ आणि गोडसर होतात. त्यांतली एक-दोन पाकळ्यांची पेस्ट टोमॅटोत मिसळा. हमसमध्ये लसूण घालायचाच असेल तर तो लिंबाच्या रसातच किसा, कारण आंबटपणामुळे त्याचा उग्रपणा मुळातच कमी तयार होतो. एक गोष्ट मात्र करू नका: लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून ती बाटली दिवसेंदिवस ओट्यावर ठेवणे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना तसेच वातावरण लागते.

अंड्यांचे म्हणाल तर जरूर करा, पण आधीच्या तीनपैकी एक पदार्थ कमी करून. चार अंड्यांची आठ अर्धुके होतात आणि तेवढी पुरतात, कारण दोघे ती खाणार नाहीत. अगदी ताजी अंडी उकडू नयेत. ताज्या अंड्याचा पांढरा भाग कवचाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटून राहतो आणि सोलताना खड्डे पडतात. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेले अंडे सहज सोलले जाते. उकळत्या पाण्यात हलकेच सोडून दहा-अकरा मिनिटे उकडा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. जास्त वेळ उकडले की पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे येते. ते बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक एकत्र आल्यामुळे तयार होते; खाण्यास अपाय नाही, पण दिसायला वाईट. बलक काढून मोहरीची पेस्ट, थोडे मेयोनीज आणि मिरपूड घालून मळा आणि परत भरा. शुक्रवारी उकडून कवचासकट फ्रिजमध्ये ठेवा, भरणे शनिवारी करा. हळद, बीट, केशर असले रंग सोडणारे काही वर घालू नका. हिरव्या पातीची चिमूट पुरे.

माझी स्वतःची आवड विचाराल तर मी अंडी ठेवीन आणि काकडी काढीन, पण ‘तिसरी घंटा’ यांना हे पटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तिसरी घंटा

पटत नाही, हे खरे आहे. अंड्यांमुळे दोन शाकाहारी पाहुण्यांसाठी एक प्रकार कमी होतो, आणि काकडी काढली तर गार आणि हलके असे काहीच उरत नाही. सूप, हमस, टोमॅटोचा पाव आणि काकडी हे चौघेही सगळ्यांना चालतात. जो पदार्थ काही जणांनीच खायचा, तो इतक्या थोड्या वेळाच्या भेटीत नसलेलाच बरा. ‘हे तुम्हाला चालत नाही’ असे वारंवार सांगण्यात सव्वा तास जातो. अंडी घालायचीच असतील तर जादाचा पदार्थ म्हणून घाला, आणि त्यांची ताटली वेगळी ठेवा.

‘शांत चूल’ यांच्या सूपावर मात्र माझे पूर्ण मत आहे. मी ओव्हनमध्ये भाजलेल्या आळंब्या सुचवणार होतो, पण त्या पाणी सोडतात, ते निथळावे लागते, मग भरून पुन्हा भाजाव्या लागतात आणि नेमक्या पाहुणे दारात आले की त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागते. थर्मास या सगळ्यातून सोडवतो.

मिठाकडेही लक्ष असू द्या. ऑलिव्ह, खारे चीज, खारवलेल्या बिया असे सगळे एकत्र आले की तहान लागते, मंडळी पाण्यावर पाणी पितात आणि मग कार्यक्रमाच्या मध्यावर रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर जावे लागते. एकच खारट पदार्थ ठेवा आणि बाकीचे लिंबू, मिरपूड, पुदिना यांच्या चवीवर उभे करा.

रानजाई

पुन्हा एकदा त्रास देते आहे. आज कळले की येणाऱ्यांपैकी एकाला सीलिॲक आजार आहे आणि तो गहू अजिबात खाऊ शकत नाही. त्याच्यासाठी वेगळे काय करावे? आणि काकडीच्या चकत्या सकाळीच कापून ठेवल्या तर चालेल का?

मोजूनमापून

वेगळे फारसे काही करावे लागणार नाही. तुमच्या यादीत गहू फक्त पावात आहे. पावाऐवजी सालासकट भाजलेल्या लहान बटाट्यांच्या अर्धुकांवर टोमॅटोचे तेच मिश्रण छान लागते. उकडलेले छोटे बटाटे अर्धे कापून, तेल लावून २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे भाजा; गार झाले तरी ते खाण्याजोगे राहतात, शिवाय पोटाला आधार देतात. सूप दाट करण्यासाठी मैदा किंवा कणीक लावू नका, त्यातच एखादा बटाटा उकडून फिरवा. तयार ताहिनी, मोहरीची पेस्ट आणि सूपासाठी वापरायचे स्टॉकचे चौकोन यांच्या वेष्टनावर गहू, जव (बार्ली) किंवा राय यांचा उल्लेख नाही ना, हे पाहून घ्या.

खरी काळजी चुऱ्याची आहे. सीलिॲक आजारात पावाचा कणही त्रास देऊ शकतो. पावाचा तुकडा बुडवलेले हमस त्याच्या कामाचे राहिले नाही, आणि ज्या सुरीने पाव कापला तीच काकडीला लावून चालणार नाही. म्हणून शुक्रवारी पाव कापण्याआधी हमसचा आणि टोमॅटोचा, तसेच शनिवारी सकाळी चक्का तयार होताच चक्क्याचा, त्याच्यापुरता भाग स्वच्छ वाट्यांमध्ये काढून झाकून ठेवा. बटाटे भाजताना ताटात नवा कागद घाला आणि त्याच वेळी पाव ओव्हनमध्ये ठेवू नका. पावाची टोपली टेबलाच्या एका टोकाला आणि त्याच्या वाट्या दुसऱ्या टोकाला असू द्या. मधून कोणी पाव घेऊन हात पुढे केला तर चुरा वाट्यांवर पडणार नाही, इतके अंतर हवे.

काकडी सकाळी कापून चालेल. चकत्या एकावर एक न रचता ओलसर कागदी रुमालाच्या घडीत, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सायंकाळी बाहेर काढल्यावर प्रत्येक चकती टिपून कोरडी करा आणि मगच सारण लावा. चक्काही सकाळपर्यंत गळून झालेला असेल, तेव्हा तो कापडातून काढून डब्यात भरा; दिवसभर लटकत ठेवला तर सायंकाळी तो लावता येणार नाही इतका घट्ट होईल.